नवीन नाटक लिहायला बसलोय पण सुरुवात कुठून करू? आमच्या खान्देशातल्या लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी

दरवर्षी पावसाळा संपत आला की स्पर्धेचे दिवस जवळ येतात आणि मग मला ओळखीच्या पोरांचे फोन सुरू होतात, जळगावहून, चोपड्याहून, शिरपूरहून, की दादा स्क्रिप्ट लिहायचीय पण विषयच सुचत नाहीये. मी प्रत्येकाला एकच सांगतो, विषय शोधू नकोस. विषय शोधायला गेलास की शेतकरी, हुंडा, मोबाईल, म्हातारे आईबाप या चार खोल्यांतच फिरशील आणि चारही खोल्यांत आधीच कोणीतरी भाषण करत उभं असेल.

हे मी स्वतः करून बसलोय. माझं पहिलं नाटक कापसाच्या भावावर होतं. विषय जिव्हाळ्याचा, घरचाच, आमच्याकडे पण कपाशी. तीन महिने खपून लिहिलं, पहिलं वाचन ठेवलं, आणि आमच्या ग्रुपमधला सगळ्यात जुना नट, जो एरवी फार बोलत नाही, तो तिसऱ्या पानावर थांबून म्हणाला, "हे सगळं बरोबर आहे रे, पण मी इथे उभा राहून करू काय?"

तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. मी इथे करू काय. माझ्या नाटकात माणसं कापसाबद्दल बोलत होती, एकमेकांकडून कोणाला काही नको होतं. नाटकाला सुरुवात करायची म्हणजे या प्रश्नाला उत्तर मिळेल अशी एक जागा आणि दोन माणसं शोधायची, बाकी सगळं नंतर. ती कशी शोधायची ते मी करतो तसं सांगतो, तुमची पद्धत वेगळी निघेल, निघू दे.

आधी पंधरा दिवस फक्त ऐका

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. मोबाईलमध्ये पण चालेल पण मोबाईल काढला की माणूस दहा मिनिटं व्हॉट्सॲपवर जातो म्हणून मी वहीच म्हणतो. रोज कानावर पडलेली तीन वाक्यं लिहायची. तुमचे विचार नाही, निसर्गाचं वर्णन नाही, फक्त दुसऱ्याच्या तोंडून निघालेलं वाक्य, जसंच्या तसं, त्याच्या बोलीत, त्याच्या चुकांसकट. खाली फक्त जागा आणि वेळ.

कुठे ऐकायचं तर जिथे माणसाला थांबावंच लागतं तिथे. एसटी स्टँड. सरकारी दवाखान्यातली केसपेपरची लाईन. जिनिंगच्या बाहेर कापूस मोजायची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्या. भुसावळ जंक्शनला रात्री गाडी लेट असते तेव्हा. तलाठ्याच्या ऑफिसबाहेरचा बाक तर सोन्याची खाण आहे, तिथे बसलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी विरोधात काहीतरी घेऊन आलेला असतो.

घरी गेल्यावर लिहू असं म्हणू नका, घरी जाईपर्यंत ते वाक्य तुमचं होऊन जातं, त्याची बोली गुळगुळीत होते. आपल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्या ओव्या म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव नि सोपानदेवांचा मावसभाऊ त्या वहीत उतरवून घ्यायचे, म्हणून १९५२ ला त्यांचं पुस्तक आपल्या हातात आलं. उतरवून घेणारं कोणी नसतं तर असोद्याची ती वाणी हवेतच राहिली असती. ऐकल्याबरोबर उतरवून घेणं हे किती मोठं काम आहे ते यावरून समजा.

आणि फक्त ऐकण्यातून नाटक उभं राहतं का, तर राहतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ ला रंगमंचावर आलं, त्याचं बीज तेंडुलकरांना असंच मिळालं होतं, पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या खटल्याचा, कार्यक्रम करायला निघालेली हौशी मंडळी त्यांना भेटली, त्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडलं आणि तिथून सुरू झालं.

एक गोष्ट मात्र पाळा. चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही. आणि ज्याचं वाक्य घेतलं त्याचं नाव, गाव, धंदा, सगळं बदलायचं. आपली गावं छोटी आहेत, प्रयोगाला पहिल्या रांगेत त्याचीच आतेबहीण बसलेली असते.

वहीतलं कुठलं वाक्य उचलायचं

पंधरा दिवसांत चाळीस पंचेचाळीस वाक्यं जमतात, त्यातली बहुतेक नुसती मजेशीर असतात. मजेशीर वाक्य सोडून द्या, ते नाटकात कुठेतरी मध्ये कामाला येईल. सुरुवातीसाठी असं वाक्य पाहिजे ज्यात माणूस काहीतरी मागतोय आणि काहीतरी लपवतोय, दोन्ही एकदम.

माझ्या वहीतलंच एक सांगतो. एका स्टँडवर साठीची एक बाई, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती, "त्याले सांगू नको मी येई ऱ्हायनी म्हनीसन. दार तेवढं उघडं ठेव." (म्हणजे, मी येतेय हे त्याला सांगू नकोस.)

मग गाडी लागली आणि ती गेली, मला तिच्याबद्दल एवढंच माहीत आहे. पण या दोन वाक्यांत तीन माणसं आहेत बघा. ती स्वतः, फोनवरचं माणूस, आणि 'तो', ज्याला सांगायचं नाही. आणि एक दार आहे. रंगमंचावर दार मिळणं ही किती मोठी कमाई असते हे ज्याने सेट लावलाय त्याला माहीत असेल.

आता पेन घ्या आणि या वाक्याला प्रश्न विचारा. उत्तरं खरी शोधायची नाहीत, आपली आपण द्यायची. तो कोण? मी लिहिलं, भाऊ. फोनवर कोण? भावजय. का लपवायचं? कारण बहीणभावात बोलणं बंद आहे. कशावरून? जमिनीवरून, वडील गेल्यावर भावाला बहिणीची हक्कसोडवर, म्हणजे हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही पाहिजे होती आणि तिने केली नाही. मग ती आज का जातेय?

हा शेवटचा प्रश्न, आजच का, याच्यावर जेवढा वेळ लागेल तेवढा लावा, मी आठ दिवस लावले. भांडण वीस वर्षं चालू असतं, पण नाटक एका दुपारी घडतं, तर ती दुपार वेगळी का आहे हे कळल्याशिवाय पहिलं पान लिहू नका. मला उत्तर मिळालं ते आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आखाजीला सासरवाशीण माहेरी येते, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज, सांजोरी ठेवून पूजा करतात. या वर्षी आई गेलीय. बहिणीला आईची घागर स्वतःच्या हाताने भरायचीय. भावाला सही पाहिजे.

झालं. एकाला घागर पाहिजे, एकाला सही पाहिजे, आणि दोघांच्या मध्ये एक बाई उभी आहे जिने दार उघडं ठेवलं. आता आमच्या त्या जुन्या नटाला उभं केलं तर त्याला काय करायचंय ते त्याला कळेल, बहिणीच्या हातात घागर पडू द्यायची नाही आणि तिच्या हातात पेन द्यायचं.

इथे हुंडा, स्त्रीमुक्ती, शेती असे शब्द मी कुठेही वापरलेले नाहीत हे लक्षात घ्या, पण ते सगळं त्या घरात आहेच.

माहिती किती काढायची

थोडी काढायची, पण पक्की काढायची. या नाटकासाठी मला एवढंच नीट समजून घ्यावं लागलं की २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, म्हणून वारसांमध्ये तिचं नाव असतं, म्हणूनच भाऊ सहीसाठी मागे लागतो, हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, आणि मग सातबारावरून तिचं नाव कमी होतं. एका वकिलाच्या ओळखीने एक संध्याकाळ बसलो, सातबारा हातात घेऊन वाचून बघितला, बास. त्यातली एकच गोष्ट नाटकात आली, की कागद दोन महिने भावाच्या कपाटात घडी करून ठेवलेला आहे आणि घडीवर तो फाटायला आलाय.

माहिती काढत बसणं हा लिहिणं टाळायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे, आठवड्याच्या वर जाऊ देऊ नका.

जागा अशी घ्या की माणूस निघून जाऊ शकणार नाही

आपल्या हौशी ग्रुपकडे पैसा नसतो, तीन सेट बदलणं जमत नाही, त्यामुळे एकच जागा घ्या हे सगळेच सांगतात. पण खरं कारण पैशाचं नाही. भांडण झाल्यावर माणूस सरळ उठून घरी जाऊ शकत असेल तर नाटक तिथेच संपतं, म्हणून अशी जागा पाहिजे जिथे त्याला थांबावंच लागेल, आणि अशा जागा आपल्याकडे ढिगाने आहेत.

केळीचं बघा. रावेर यावलकडे बाग कापायला सुरुवात झाली की घड बांधावर येऊन पडतात, ट्रक उभा असतो, मजूर चिकाने काळे झालेले कपडे घालून बसलेले असतात, आणि व्यापाऱ्याचा माणूस आता म्हणतो की सकाळी बोललेला भाव मिळणार नाही. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही! शेतकऱ्याकडे तास दोन तास आहेत. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, प्रेक्षकाला घड दिसतायत, ऊन दिसतंय, घड्याळ आपोआप चालू झालं. कापसाच्या भावावर मी तीन महिने जे लिहून जमलं नाही ते या एका बांधावर होईल, आणि कोणाला हे घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, मी लिहिणार नाहीये.

किंवा हिवाळ्यातली भरीत पार्टी. शेतात रात्री कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, कळण्याची भाकरी, पाचसहा जुने मित्र, गाडी एकाचीच आहे म्हणजे कोणी मध्येच निघू शकत नाही, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याचे पैसे बुडवलेत हे फक्त तिसऱ्याला माहीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या दिवसांत घोडा विकायला आलेला बाप आणि तो घोडा विकू नये म्हणून मागे आलेला मुलगा, एका तंबूत.

जागा ठरली की तिथे खरंच जाऊन दोन तास बसा. मोबाईलमध्ये फोटो बघून लिहिलेली जागा वाचताना लगेच कळते.

कान चालत नसतील तर दुसऱ्या वाटा

काहींना ऐकून सुचत नाही, त्यांनी वस्तू घ्यावी. घरातली जुनी वस्तू टेबलावर ठेवा आणि ती दोन माणसांना एकाच वेळी पाहिजे आहे असं धरून पाच पानं लिहा. पानं वाईट निघतील, पण तिसऱ्या पानाच्या आसपास एखादं माणूस तुम्ही न ठरवलेलं वाक्य बोलतं, तिथून पुन्हा सुरू करा.

नट हाताशी असतील तर त्यांनाच कामाला लावा, मला ही वाट फार आवडते. दोघांना उभं करा, एकाच्या कानात सांगा की तुला याला इथून बाहेर काढायचंय, दुसऱ्याच्या कानात सांगा की तुला काही झालं तरी पाच वाजेपर्यंत इथेच थांबायचंय, कारण सांगू नका. दहा मिनिटं चालू द्या. तुम्ही फक्त लिहून घ्या. नटांची परवानगी घ्या आणि पुढे श्रेय पण द्या, यावरून ग्रुप फुटलेले मी पाहिलेत.

इतिहासातून सुरू करणाऱ्यांसाठी एकच सांगतो. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची मुलं गोळीबारात गेली, यावर आपल्याकडे शाळेशाळेत प्रसंग बसवतात आणि सगळे गोळीबारापासूनच सुरू करतात. त्यातली कुठली तरी सकाळ घ्या ना, कुठल्या तरी घरातली, मोर्चाला जायचंय आणि आई दार अडवून उभी आहे. तारीख, ठिकाण, नावं यात तडजोड नको, पण घरातलं बोलणं तुम्हालाच लिहावं लागणार आहे आणि ते तुमच्या कल्पनेतलं आहे हे प्रयोगाच्या आधी सांगून टाका.

कानबाईचा उत्सव, वहीगायनासारखं आपलं लोकगायन यातून पण सुरुवात होते, फक्त ती मध्ये गाणं घालायला म्हणून वापरू नका. कानबाईच्या प्रसादाच्या रोटांची रात्र चालू असताना घरात काय घडतंय ते बघा.

पहिलं पान

आता लिहायला बसायचं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पहिल्या पानावर सगळा मागचा इतिहास सांगून टाकणं. माझं त्या आखाजीच्या नाटकाचं पहिलं पान असं होतं:

आप्पा: आक्का, तू आठ वर्षांनी आलीस! बाबा गेल्यावर सहीवरून आपलं भांडण झालं तेव्हापासून तू या घरात पाय ठेवला नव्हतास.
आक्का: हो आप्पा, कारण मुलीलाही जमिनीत हक्क असतो हे तुला मान्य नाही.

बहीणभाऊ असं बोलतात का कधी? दोघांनाही हे माहीत आहे, मग ते कोणाला सांगतायत, तर प्रेक्षकाला. आणि दोन वाक्यांत सगळं सांगून झालं तर पुढे बघायचं काय राहिलं. मी ते फाडलं आणि उशिरा आत शिरलो, म्हणजे भांडणाची माहिती द्यायच्या ऐवजी ती दारात उभी आहे तिथून सुरू केलं:

(दुपार. दार सताड उघडं. वहिनी घागर पुसतेय. आक्का उंबऱ्यात येऊन थांबते. वहिनी बघते, बोलत नाही. आतून आप्पा येतो.)
आप्पा: दार कोणी उघडलं?
वहिनी: वारा येत नव्हता.
आप्पा: वैशाखात कुठला वारा? (आक्काकडे लक्ष जातं. बराच वेळ.) कसाले उना तू... (थांबतो.) पाव्हणीले पाणी दे.
आक्का: माठातलं नको. त्या घागरीतलं दे.

एकाही वाक्यात जमीन नाही, सही नाही. पण 'कसाले उना' म्हणजे कशाला आलीस, आणि सख्ख्या बहिणीला पाव्हणी म्हटल्यावर समोर बसलेल्या प्रत्येक बाईला कळतं काय झालंय. आणि घागर पहिल्या पानावरच हातात आली. (जाणकारांनी ओळखलं असेल, या पानात एक चूक आहे, ती मला कशी कळली ते पुढे येतंय. आणि दुसरी, बहिणीला 'उना' कसं म्हणेल, तिला 'उनी' पाहिजे, ती आमच्या टायपिंगमध्ये राहिली होती, वाचताना नटीनेच सुधारली.)

बोलीचा प्रश्न नेहमी येतो, अहिराणीत लिहू का प्रमाण मराठीत. माझं मत, ज्या घरात जे बोलतात तेच, पण घरात एकच भाषा कधीच नसते. आप्पा रागात अहिराणीत येतो, वहिनी बहुतेक वेळा अहिराणीत, आक्काचा पुण्यात शिकलेला मुलगा प्रमाण मराठीत आणि तेही जरा चिडल्यासारखं. कोण कधी भाषा बदलतं यात खूप नाट्य आहे, ते विनोदासाठी वाया घालवू नका. अहिराणी बोलणारा म्हणजे अडाणी नोकर हे तर मुळीच करू नका, मला ते फार लागतं. तुमची बोली लेवा असेल, तावडी असेल, पावरी असेल तर तीच लिहा आणि ज्याची ती बोली आहे अशा माणसाकडून एकदा वाचून घ्या.

दहा पानं झाली की वाचन लावा

पूर्ण व्हायची वाट बघू नका. दहा पानं, चार माणसं, चहा, बास. लेखकाने स्वतः वाचायचं नाही, तुम्ही वाचलं की तुम्ही ते आवाजाने सांभाळून घेता. दुसऱ्यांना वाचायला द्या, घड्याळ लावा, म्हणजे किती लांबतंय ते पण कळतं, आणि तुम्ही गप्प बसून दोन गोष्टींच्या खुणा करा, वाचणारा अडखळला कुठे आणि ऐकणारा हलला कुठे. अडखळला तिथे वाक्य तोंडात बसत नाहीये. हलला तिथे कोणाला काही नकोय.

वाचन झाल्यावर 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे छानच म्हणतात, आपल्याकडे तोंडावर वाईट कोणी बोलत नाही. प्रत्येक वाचणाऱ्याला विचारा, तुझ्या माणसाला या दहा पानांत काय पाहिजे होतं? त्याने पटकन सांगितलं तर पान ठेवा. त्याने नाटकाचा विषय सांगायला सुरुवात केली तर ते पान पुन्हा लिहायचं.

मध्ये अडकलात तर शेवटचा प्रवेश आधी लिहून बघा, नाहीतर जे पात्र सगळ्यात कमी बोलतं त्याच्याकडून एक पानभर पत्र लिहून घ्या. माझी वहिनी अशीच उलगडली, तिने पत्रात लिहिलं की दार मी आक्कासाठी नाही, माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. ते नाटकात कुठेही येणार नाहीये पण आता तिला काय पाहिजे ते मला माहीत आहे.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नियमपत्रिका लिहायच्या आधी वाचा, लिहून झाल्यावर नाही, वेळेची मर्यादा प्रत्येक स्पर्धेची वेगळी असते आणि एकांकिका पुढे ओढून दोन अंकी होत नाही. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, संहिता आधी पाठवावी लागते, त्याला वेळ लागतो, तो हिशोबात धरा.

तर ती चूक. आमच्या वाचनाला वहिनीचं वाचायला एक ताई आल्या होत्या, घर सांभाळून नाटक करणाऱ्या. पहिलीच कंसातली ओळ वाचून थांबल्या. म्हणाल्या, दादा, नवी घागर कोणी पुसत नाही हो, ती आधी पाण्यात भिजवून ठेवावी लागते, नाहीतर भरल्यावर झिरपते. मी तिथेच पेन काढलं. आता सुरुवातीला आप्पा विचारतो दार कोणी उघडलं, आणि वहिनी त्याच्याकडे न बघता खालची ओली फरशी पुसत म्हणते, "घागर झिरपी ऱ्हायनी."